पाहुण्यांच्या बाथरूमचा रंग, टाइल्स न फोडता

ठाण्यात वीस-बावीस वर्षांपूर्वी बांधलेल्या टू बीएचकेमधलं कॉमन बाथरूम कसं असेल ते मी न बघता सांगू शकते. साधारण चार बाय सात, सात फुटांपर्यंत बेज टाइल्स, त्यात छातीच्या उंचीवर तपकिरी वेलबुट्टीची हायलायटर पट्टी, टाइल्सच्या वर दोन-सव्वादोन फूट उघडी भिंत, डक्टकडे, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद मोकळ्या जागेकडे, उघडणारी काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी, आयव्हरी कमोड आणि एक निळी बादली. घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत हेच आहे, आमच्याकडेही हेच होतं. आणि नवीन करायचं म्हटलं की सगळ्यांचा सल्ला एकच, सगळं फोडा आणि पांढरं-राखाडी करून टाका. आम्ही फोडलं नाही. फक्त रंग, टाइल्सचे सांधे, बल्ब आणि आतल्या वस्तू बदलल्या. त्यात जे जे समजलं ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं कारण शोधायला गेलं की जे फोटो समोर येतात ते सगळे मोठ्या खिडक्यांच्या, कोरड्या, टबवाल्या बाथरूमचे असतात, आपल्यासारखं बादली-मग-गीझर आणि डक्टवालं बाथरूम कुणी दाखवतच नाही.

सुरुवात रंगापासून करूच नये असं माझं मत झालंय. सुरुवात करायची पाहुणा म्हणजे नक्की कोण इथून. आमच्याकडे चहाला येऊन तासाभरात जाणारे पाहुणे ते बाथरूम जेमतेम हात धुवायला वापरतात. खरे वापरणारे वेगळे, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गावाहून येऊन राहिलेली आत्या, परीक्षेला आलेला भाचा, गणपतीत आलेले दीर-जाऊ आणि त्यांची मुलं, लग्नाला आलेले आणि गाडी चुकली म्हणून राहिलेले काका. म्हणजे ही माणसं पहाटे, अर्ध्या झोपेत, अनोळखी घरात, चष्मा न लावता त्या खोलीत जाणार. तिथे स्विच कुठे, पायरी कुठे, मग कुठे हे त्यांना आपल्यासारखं पाठ नसतं. त्यामुळे या खोलीतला रंग नुसता छान दिसून भागत नाही, त्याने रस्ता दाखवला पाहिजे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निर्णय खूप सोपे होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे या खोलीने बरेचसे रंग आपल्या आधीच निवडून ठेवलेले असतात. टाइल्स, कमोड, बेसिन, फरशी हे सगळं तिथेच राहणार आहे, त्यातलं काही दुकानात जाऊन बदलता येणार नाही. टाइल्स फोडायच्या म्हणजे वॉटरप्रूफिंग पुन्हा, सोसायटीची परवानगी, खालच्यांच्या छताची काळजी, राडारोडा, आणि तेवढं करूनही खाली ओल आली तर वर्षभर बोलणी, आमच्या टाइल्स पोकळ वाजत नव्हत्या, कुठे तडा नव्हता, मग कशाला हात लावायचा. पेंटचा डबा मात्र हजारो शेड्समध्ये मशीनवर मिक्स करून मिळतो. म्हणजे जे अडून बसलंय त्याच्याशी जमवून घ्यायचं काम पेंटचं, म्हणून पेंट सगळ्यात शेवटी.

बेज हा काही एक रंग नाहीये, हे मला आधी पटत नव्हतं. एक कोरा पांढरा झेरॉक्सचा कागद घ्या आणि टाइलला चिकटवून धरा. लगेच दिसतं की टाइलमध्ये पिवळी झाक आहे, गुलाबी आहे की हिरवट. नुसतं बघून कळत नाही कारण सगळीकडे तीच टाइल असली की डोळा तिलाच पांढरं मानायला लागतो. आमची निघाली पिवळी झाक असलेली. आणि इथेच राखाडीचा विषय संपला. मला खरं तर तो निळसर राखाडी फार आवडतो, नवऱ्यालाही तोच हवा होता, पण त्याचा नमुना टाइलच्या शेजारी धरला तर राखाडी तसाच छान राहिला आणि टाइल मात्र पिवळट, जुनाट, न धुतल्यासारखी दिसायला लागली. टाइल तीच, पाच मिनिटांपूर्वी स्वच्छ दिसत होती.

याचं कारण खूप जुनं आणि नीट अभ्यासलेलं आहे. शेवरल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता, तिथे तक्रारी यायच्या की काळा धागा फिका वाटतो, रंग नीट चढत नाही. त्याने तपासलं तर रंगात काही दोष नव्हता, शेजारी कुठला रंग विणलाय त्याने काळा फिका वाटत होता. शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतात, हे त्याने १८३९ मध्ये मांडलं. निळ्याच्या शेजारी पिवळट गोष्ट आणखी पिवळी दिसणारच. पैठणी घेताना काठ बदलला की तोच अंगाचा रंग वेगळा वाटतो हे आपल्याला दुकानात बसून माहीत असतं, बाथरूममध्ये तेच लागू आहे. म्हणजे पिवळ्या झाकेच्या बेजला वाचवायचं असेल तर वरच्या रंगात थोडा पिवळा-लाल असायला हवा, दोघांचं कूळ एक असावं. तुमची टाइल गुलाबी झाकेची असेल तर हिरवा रंग लावताना दहा वेळा विचार करा, तो गुलाबीपणा आणखी वर काढेल. आणि टाइल खरोखर पांढरी-राखाडी असेल तर मग निळसर राखाडी बिनधास्त लावा, तिथे तो सुंदरच दिसतो.

आता बल्ब. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण डक्टवाल्या बाथरूममध्ये बल्ब हाच सूर्य असतो, खिडकीतून येणारा उजेड समोरच्या डक्टच्या भिंतीवरून आपटून येतो, तोही दुपारी थोडा वेळ. आपल्याकडे सवय अशी की सगळीकडे कूल डे लाइट लावायचा, ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचा आकडा, जितका मोठा तितका उजेड निळसर), पांढराशुभ्र पडला की स्वच्छ वाटतं. पण त्यात निळा भाग जास्त असतो, त्यामुळे गेरू, अबोली, बदामी असे सगळे उबदार रंग त्याच्याखाली मलूल दिसतात. उलट टोकाला वॉर्म व्हाइट, २७०० ते ३००० केल्विन, तो हॉलमध्ये छान पण आमच्या पिवळ्या टाइल्सवर आणखी पिवळं होत होतं. मधला ४००० केल्विनचा, ज्याला दुकानात नॅचरल व्हाइट म्हणतात, तो बरोबर बसला. खोक्यावर केल्विन छापलेलेच असतात, फक्त मागताना आकडा सांगायचा, नाहीतर दुकानदार सवयीने कूल डे लाइटच काढून देतो. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असेल तर तोही बघा, ८० हा नेहमीचा, ९० च्या पुढचा मिळाला तर रंग आणि माणसाचा चेहरा दोन्ही खरे दिसतात. आणि हे बल्ब बदलायचं काम रंग निवडायच्या आधी करायचं, नंतर नाही, कारण एका बल्बखाली निवडलेला रंग दुसऱ्या बल्बखाली वेगळाच निघू शकतो.

चेहऱ्याचं सांगते कारण ते फार कमी लोक मोजतात. छोट्या खोलीत रंग भिंतीवर थांबत नाही. उजेड एका भिंतीवर पडतो, तिथून दुसऱ्या, तिथून छतावर, प्रत्येक आपटीला रंग थोडा गडद होत जातो आणि शेवटी आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर येऊन पडतो. आमचा बल्ब आरशाच्या वर, बरोबर त्या उघड्या पट्ट्यात आहे, म्हणजे पट्ट्याचा रंग थेट चेहऱ्यावर. शेवाळी हिरवा मला मनापासून आवडला होता, टाइल्सशीही जमत होता, पण नमुना बल्बच्या मागे धरून आरशात पाहिलं तर चेहरा आजारी दिसत होता. आत्या ऑपरेशननंतर इथेच राहणार, तिने सकाळी आरशात बघावं आणि आपण किती उतरलोय असं तिला वाटावं हे मला चालणार नव्हतं. तर हिरवा बाद. ज्यांचं बेसिन बाहेर पॅसेजमध्ये आहे, आत आरसाच नाहीये, त्यांनी शेवाळी जरूर लावावा.

राहिला गेरू. गडद नाही, गेरूत भरपूर दूध ओतल्यावर होईल तसा फिका, किंचित गुलाबीकडे न जाता मातीकडे जाणारा. पालघर वेगळा होईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, बरेचसे वारली पाडे आपल्याच जिल्ह्यात होते आणि त्या कुडाच्या भिंतींवर गेरूचा हात आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं हे मी लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे हा रंग मला घरचा वाटतो हेही आहेच. पण निवडला तो त्यासाठी नाही. टाइल्समधल्या पिवळ्याशी त्याचं जमतं, ४००० केल्विनमध्ये तो मरत नाही, आणि त्याचा उजेड चेहऱ्यावर पडला की माणूस तजेलदार दिसतो. तीनही कामं करणारा आमच्या खोलीपुरता तो एकच निघाला.

नमुना कसा बघायचा ते सांगते. शेड कार्डवरच्या नखाएवढ्या चौकोनावरून काहीही ठरवू नका आणि मोबाइलवर तर अजिबातच नाही. छोटा सॅम्पल घेऊन फूट बाय फूट जाड ड्रॉइंग पेपरवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या. इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं कारण त्यातलं बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, ओलं असताना पांढरट असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं, म्हणून वाळलेला रंग ओल्यापेक्षा गडद निघतो. ओला बघून पेंटरला थांबवू नका, पुढेही जाऊ नका. मग तो तुकडा जिथे रंग येणार तिथेच, त्याच उंचीवर, सेलोटेपने लावा. पलंगावर ठेवून बघितलेला रंग आणि साडेसात फुटांवर लावलेला रंग यात फार फरक पडतो. सकाळी बघा, रात्री बल्ब लावून बघा, कुणीतरी गरम पाण्याने अंघोळ करून बाहेर आल्यावर वाफेत बघा. आणि जो रंग आवडला त्यापेक्षा एक पायरी फिका किंवा थोडा राखाडी मिसळलेला घ्या, कारण मघाशी म्हटलं तसं चार भिंती एकमेकींवर रंग फेकून तो वाढवणारच. काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही देतात, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो, शून्य म्हणजे काळा आणि १०० म्हणजे पांढरा. डक्टवाल्या बाथरूमला मी साठच्या खाली जाणार नाही, निदान छताला तरी नाही.

छताचं काय करायचं यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. पेंटर काकांचं म्हणणं होतं, ताई, छत पांढरंच ठेवा, उजेड राहतो. मला वाटत होतं की सव्वादोन फुटांचा पट्टा गेरू आणि वर पांढरं छत म्हणजे भिंतीचे तीन तुकडे होतात, बेज, गेरू, पांढरा, आणि चार बाय सातच्या खोलीत तीन आडवे तुकडे म्हणजे खोली आणखी बुटकी. शेवटी पट्टा गेरू आणि छत त्याच गेरूत भरपूर पांढरा असलेली त्याच कार्डवरची दोन पायऱ्या फिकी शेड. वर बघितलं तर पांढरंच वाटतं, पण कडेला रेघ दिसत नाही. काकांनाही ते आवडलं, त्यांनी स्वतःहून सांगितलं. मिक्सिंग मात्र मशीनवरच करून घ्या, कोड, बेस आणि फिनिश तिन्ही लिहून घ्या. हाताने स्टेनर, म्हणजे छटा आणणारा घट्ट रंग, टाकून केलेली शेड कितीही सुंदर झाली तरी पुढच्या वर्षी एक फूट टचअप करायचा झाला की ती पुन्हा जुळत नाही. एवढ्याशा खोलीला माल फार लागत नाही, पट्टा साधारण पन्नास चौरस फूट आणि छत अठ्ठावीस, एक-एक लीटरचे डबे आणले तरी उरतं, ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवायचं आणि वर कोडची चिठ्ठी.

रंगाच्या आधी ओल. हे टाळून पुढे जाता येत नाही. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि त्या काळात डक्टमधली हवा कोरडी होतच नाही. वरच्या मजल्यावरून पाणी येत असेल, भिंतीला लोणा लागला असेल, पोपडे निघत असतील तर आधी ते गळणं थांबवा, मग खरवडा, मग वाळू द्या. नवीन सिमेंटचं पॅच मारलं असेल तर महिनाभर तरी थांबा, ओल्या सिमेंटमधला क्षार रंग खातो. छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके म्हणजे बुरशी, त्यावर नुसता रंग मारला तर ती पुढच्या पावसात रंगाच्या वर येते. ती पातळ ब्लीचच्या पाण्याने पुसून, धुऊन, वाळवून मगच प्रायमर. आणि हे नक्की लक्षात ठेवा, ब्लीच आणि टाइल क्लीनरचं अॅसिड कधीही एकत्र वापरायचं नाही, एकामागोमाग एक पण नाही, त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि एवढ्या बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. एक्झॉस्ट फॅन नसेल तर रंगाचे पैसे आधी त्याच्यावर खर्च करा, सहा इंची पुरतो, खिडकीच्या दोन काचपट्ट्या काढून बसतो. आम्ही रंगकाम डिसेंबरमध्ये केलं, गणपती-दिवाळीची घाई संपलेली असते, पेंटरला वेळ असतो आणि हवाही बरीच कोरडी असते.

डिस्टेंपर इथे नकोच, ओल्या हाताला लागतो. भिंतीच्या पट्ट्याला सॅटिन किंवा सॉफ्ट शीन फिनिशचं बुरशीरोधक इमल्शन, छताला मॅट, कारण चकचकीत फिनिशवर बल्बचा उजेड तिरपा पडला की पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. दाराला पूर्वी पांढरा ऑइल पेंट होता तो पिवळा पडला होता, दार घाण नव्हतं, ऑइल पेंट उजेड न मिळाल्याने पिवळा पडतो आणि बाथरूमच्या दाराची आतली बाजू कायम अंधारात असते. म्हणून दाराला आतून पाण्यात मिसळणारं इनॅमल आणि रंग गडद विटकरी. आत डोळ्यांच्या उंचीवर पेंट लावायला मिळणारी ती एकमेव जागा आहे, बाकी सगळ्या टाइल्स, तिथे गडद रंग घ्यायला मन मोठं करावं. दुसरं म्हणजे अनोळखी माणसाला आतून बाहेर पडायचं दार लगेच दिसतं, कडी स्टीलची असल्याने विटकरीवर उठून दिसते.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, निळे-हिरवे-राखाडी गडद रंग एकमेकांपासून वेगळे ओळखणं कठीण होतं, उजेडही जास्त लागतो, आणि मोतीबिंदू असेल तर कडा धूसर होतात. आता या डोळ्यांनी आमचं जुनं बाथरूम बघा. बेज फरशी, बेज भिंत, आयव्हरी कमोड, त्यावर आयव्हरी सीट. आत्या मागे आली होती तेव्हा बसताना हात मागे नेऊन चाचपडायची. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, सगळं एकच दिसतं मला इथे, कुठे संपतं न् कुठे सुरू होतं कळत नाही." आपल्याला जे शांत, एकसंध, हॉटेलसारखं वाटतं ते तिला धुकं वाटत होतं.

म्हणून सीट बदलली, आयव्हरीच्या जागी गडद तपकिरी. दिसायला थोडी जुनी पद्धत वाटेल पण पाठ फिरवून बसणाऱ्याला ती दिसते. कमोडशेजारी स्टीलचा आधाराचा दांडा लावला होता तो बेज टाइलवर चमकून हरवून जायचा, त्याच्या जागी गडद तपकिरी रंगाचा, पकडीला खरखरीत असा घेतला. आंघोळीच्या भागाकडे जी दीड इंचाची कड आहे ती संगमरवराची पांढरी होती, फरशीत मिसळून जायची. तिच्यावर गडद रंगाची, न घसरणारी पट्टी चिकटवली. आणि पायपुसणं. माझ्या मनात काळपट तपकिरी होतं, मळखाऊ म्हणून, पण ज्यांची नजर कमी झालीये त्यांना फिक्या फरशीवरचं एकदम गडद पायपुसणं खड्ड्यासारखं वाटू शकतं, माणूस ते ओलांडायला पाऊल उंच टाकतो आणि ओल्या फरशीवर तेच धोक्याचं. म्हणून मध्यम गेरू, एकरंगी, नक्षी नाही, मागे रबर. कड गडद आणि पायपुसणं मध्यम, हे उलटसुलट वाटतं पण कडेला थांबायचं असतं आणि पायपुसण्यावर पाऊल टाकायचं असतं.

बादलीकडे तर कुणी रंग म्हणून बघतच नाही. आपल्याकडच्या बाथरूममध्ये सगळ्यात मोठी रंगीत वस्तू बादली असते, शिवाय पाण्याचा मग, बसायचं स्टूल, कपड्यांची टोपली, ब्रशचा डबा, प्रत्येक वेगळ्या वेळी घेतलेलं म्हणून प्रत्येक वेगळ्या रंगाचं. भिंतीवर कितीही विचार करा, निळी बादली, लाल मग, पोपटी स्टूल ठेवलं की डोळा तिकडेच जातो. जांभळी नाक्याला एका दुकानातून बादली आणि स्टूल दोन्ही क्रीम रंगाचं घेतलं, आणि पाण्याचा मग मात्र मुद्दाम गडद विटकरी. पांढऱ्या बादलीत पांढरा मग पाण्याखाली दिसत नाही, म्हाताऱ्या माणसाला तर नाहीच. जमलं तर रंगकामाच्या आधी हे करून बघा, फक्त बादली-मग-स्टूल एका घराण्यातले आणा, निम्मं काम तिथेच होतं आणि खर्च जेमतेम काही शे रुपये.

टाइल्सचे सांधे हाही रंगच. आमच्याकडे पांढऱ्या सिमेंटचे होते, ते वर्षानुवर्षं अॅसिड टाकून धुतल्याने झिजून काळे-नारिंगी झाले होते. अॅसिड सिमेंट खातं, सांधे पोकळ होतात, त्यात पाणी मुरतं. ते वरवर खरवडून टाइलपेक्षा थोड्या गडद बेज रंगाचं एपॉक्सी ग्राउट भरलं. पांढरं घेऊ नका, टाइल्सच्या चौकड्या वहीसारख्या दिसतात आणि छोट्या खोलीत त्या रेघाच भरून राहतात. काळं पण नको. हायलायटर पट्टी झाकायची का हा प्रश्न होता, टाइलवर मारायचा पेंट मिळतो, पण रोज पाणी पडणाऱ्या भागात तो टिकेल अशी खात्री मला वाटली नाही, त्यामुळे पट्टी आहे तशीच ठेवली आणि तिच्यातला तपकिरी उचलून सीटला, दांड्याला दिला. आता ती पट्टी मुद्दाम घेतल्यासारखी वाटते.

नळ काळे घ्यायची सध्या फार हौस आहे. घोडबंदर पट्ट्यातल्या बऱ्याच सोसायट्यांना टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळून वापरावं लागतं, ते जड असतं, वाळलं की पांढरे डाग सोडतं, आणि काळ्या मॅट नळावर ते डाग पहिल्याच आठवड्यात दिसायला लागतात. डाग काढायला लिंबू किंवा व्हिनेगर चालतं पण ते संगमरवरावर आणि सिमेंटच्या सांध्यावर पडू द्यायचं नाही. आम्ही साधे क्रोमचेच ठेवले. गडद टाइल्सचंही तसंच, काळी चकचकीत फरशी दुकानात कितीही सुंदर दिसली तरी आपल्या पाण्यात ती दिवसातून दोनदा पुसावी लागते, आणि ती पुसणार कोण हे आधी ठरवा.

टॉवेल पांढरट ठेवलेत, पाहुण्यांना स्वच्छ आहे हे दिसायला हवं, फक्त हात पुसायचा नॅपकिन मोरपंखी. एवढा एकच थंड रंग खोलीत ठेवलाय, लहान आहे म्हणून टाइल्सना पिवळं करत नाही आणि नवीन माणसाला हात धुतल्यावर शोधावा लागत नाही. मनी प्लांट खिडकीत ठेवला होता तो डक्टच्या उजेडात फिका पडायला लागला, आता दोन कुंड्या आलटून पालटून बाल्कनीत आणि आत ठेवते. सासूबाईंनी वास्तूचं विचारलं होतं, त्यांचं म्हणणं काळा आणि भडक लाल नको, बाकी काही चालेल, तर तेवढं आपोआप पाळलं गेलं. रात्रीसाठी आरशाखाली अर्ध्या वॉटचा पिवळा नाइट लॅम्प आहे, तो चालूच असतो, त्यात विटकरी मग आणि तपकिरी सीट दोन्ही दिसतात की नाही हे मोठा दिवा बंद करून मी बघून घेतलंय.

एक गोष्ट अजून ठरत नाहीये, आरशाची चौकट. पितळी मला हवी आहे पण या पाण्यात आणि वाफेत ती किती दिवस चांगली राहील आणि तिला दर महिन्याला पितांबरी लावत बसायचं का, आणि लाकडी घेतली तर पावसात फुगणार. सध्या बिनचौकटीचा आरसा आहे तोच ठेवलाय. कुणाकडे ठाण्याच्या बाथरूममध्ये दोन-तीन पावसाळे काढलेली पितळी चौकट असेल तर मला खरंच बघायला आवडेल.